निदानाचे मोल

तत्त्वचर्चेला विषय म्हणून मोटारीच्या मागील अंगातून येणारा आवाज घ्यावा, हे काही वाचकांस थट्टेचे वाटण्याचा संभव आहे. धूर आणि अग्नी, दोरी आणि साप, शिंपला आणि रुपे ही उदाहरणे शास्त्रकारांनी एकदा योजिली म्हणून ती आपणांस गंभीर वाटतात. ज्या काळी ती योजिली गेली त्या काळी चुलीचा धूर आणि अंगणातील दोरी या अगदी नित्याच्या वस्तू होत्या. आज मध्यम स्थितीतील पुष्कळ कुटुंबांच्या दारी मोटार उभी असते, आणि ती गल्लीतून सावकाश निघाली म्हणजे मागून कोठून तरी ‘टक्, टक्’ असा आवाज येऊ लागतो. वेग वाढला की तो जातो. घरातील प्रत्येक मनुष्य त्याचे निराळे कारण सांगतो; गॅरेजात गाडी न्यावी तर नेमका तेथे तो येत नाही; दोन-तीन वस्तू बदलून झाल्या की आठ दिवस शांततेत जातात आणि नवव्या दिवशी तो पुन्हा हजर होतो. या क्षुद्र प्रसंगात दोन जुने प्रश्न दडलेले आहेत. मनुष्यास न दिसणाऱ्या गोष्टीचे ज्ञान कसे होते, हा पहिला; आणि ज्ञान झालेले नसता दुसऱ्याच्या वस्तूला व दुसऱ्याच्या पैशाला हात घालण्याचा अधिकार कोणास आहे काय, हा दुसरा. आमच्या मते दुसराच अधिक महत्त्वाचा आहे. परंतु पहिल्याचा थोडाबहुत उलगडा झाल्यावाचून त्याकडे वळता येत नाही.

‘वेग वाढला की आवाज जातो’ असे मालक सांगतो, आणि आपण जे अनुभवले तेच बोललो अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. वस्तुतः त्याच्या अनुभवास आले ते इतकेच की, वेग वाढला म्हणजे आवाज ऐकू येत नाही. या दोन विधानांत केवढे अंतर आहे हे सांख्यांनी फार पूर्वी ओळखले होते. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतील सातव्या कारिकेत, वस्तू असूनही तिची उपलब्धी का होत नाही याची आठ कारणे दिली आहेत: वस्तू फार दूर असणे, फार जवळ असणे, इंद्रियास इजा होणे, मन ठिकाणावर नसणे, वस्तूचा सूक्ष्मपणा, मध्ये आडपडदा असणे, बलवत्तर वस्तूने झाकून टाकणे, आणि सारख्याच वस्तूंत मिसळून जाणे. दिवसा तारे दिसत नाहीत ते सूर्याच्या तेजामुळे. त्यावरून तारे मावळले असे कोणी शहाणा म्हणत नाही. मोटारीत बसलेल्या गृहस्थाच्या बाबतीत या आठांपैकी तीन-चार कारणे तरी एकाच वेळी हजर असतात. चाकाचा परिघ सुमारे दोन मीटर धरला, तर ताशी वीस किलोमीटरच्या चालीत चाक सेकंदाला तीनपेक्षा किंचित कमी फेरे घेते. प्रत्येक फेऱ्याचा टोला कानाला निराळा ऐकू येतो आणि मनातल्या मनात मोजताही येतो. ताशी ऐंशीच्या वेगाला तेच फेरे सेकंदाला अकरा होतात, टोले एकमेकांत मिसळून त्यांची घरघर बनते, आणि ती घरघर टायरांच्या व वाऱ्याच्या मोठ्या घोषात बुडून जाते. शिवाय मुंबई-आग्रा रस्त्यासारख्या उघड्या रस्त्यावर ध्वनी पसरून जातो, तर पंचवटीतील किंवा जुन्या नाशकातील अरुंद बोळात दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आदळून तो गाडीच्या खिडकीत परत येतो. काही आवाज खरोखरच मंद गतीतच उत्पन्न होतात, हे खरे आहे. गंजलेल्या ब्रेक ड्रमला हलकेच चाटणारा लायनर किंवा गतिरोधकावर अंग वळवणारे रबरी बुश ही त्यांची उदाहरणे होत. पण आपल्या गाडीचा आवाज त्या जातीचा आहे की झाकला जाणाऱ्या जातीचा आहे, हे ठरल्यावाचून ‘जातो’ हे क्रियापद उच्चारणे म्हणजे निम्मे निदान चुकवून ठेवणे होय. विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्यापासून याचा एक गमतीचा पडताळा मिळू लागला आहे. इंजिनाची घरघर नाहीशी होताच आसनांची, दारांची, मागील बुशांची जी बारीक कुरकुर पूर्वी कोणाच्या कानी पडत नसे ती स्पष्ट ऐकू येऊ लागली. आणि नवी कोरी गाडी जुनीपेक्षा अधिक खिळखिळी आहे अशी तक्रार मालक करू लागले.

कानाने परीक्षा करण्याची विद्या आपल्याकडे परकी नाही. माठ विकत घेताना आपल्या आज्या बोटाच्या पेराने तो वाजवून पाहत आणि बद्द वाजला तर मुकाट्याने खाली ठेवीत. चांदीचा रुपया दगडावर आपटून त्याचा नाद ऐकल्याखेरीज जुना सराफ तो पेटीत टाकीत नसे. ‘खणखणीत’ हे विशेषण आपण आज माणसाच्या बोलण्यालाही लावतो, त्याचे मूळ त्या नादात आहे. नाशिक हे तांब्यापितळेच्या भांड्यांचे गाव. येथील जुन्या गृहिणींना भांड्याचा चिरा डोळ्यांआधी कानाला कळे. मनमाडसारख्या मोठ्या स्थानकावर लांब दांड्याचा हातोडा घेऊन डब्यांच्या प्रत्येक चाकावर एकेक टोला देत जाणारा रेल्वेचा नोकर ज्येष्ठ प्रवाशांना आठवत असेल. धड चाक घंटेसारखे निनादे, तडा गेलेले चाक बद्द बोले, आणि शेकडो माणसांचा जीव त्या एका माणसाच्या कानावर विसंबून पुढे जाई. वैद्यकातही हीच कथा आहे. व्हिएन्नातील लिओपोल्ड आउएनब्रुगर या वैद्याने १७६१ साली छातीवर बोटांनी ठोके देऊन आतील विकार ओळखण्याची पद्धती प्रसिद्ध केली. त्याचा बाप खाणावळ चालवीत असे, आणि पिंपात दारू कोठवर आहे हे ते ठोकून ओळखण्याची रीत त्याने बालपणी पाहिलेली होती असे सांगतात. पुढे १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक याने कागदाची गुंडाळी करून रोग्याच्या छातीस लावली आणि तीतून डॉक्टरांच्या गळ्यातील नळीचा जन्म झाला. आमच्या शहरातील एखादा मुरलेला मिस्त्री लांब पेचकसाचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवून त्याची मूठ कानामागील हाडाला लावतो, तेव्हा तो लेनेकचेच काम करीत असतो. त्याला कोणी डॉक्टर म्हणत नाही एवढाच फरक.

या विद्येला लागणारी परिभाषाही मराठीने आयती तयार ठेवली आहे. ‘खडखड’ म्हटले की सुटी, कठीण वस्तू. ‘कुरकुर’ म्हटले की दाबाखाली अंग वळवणारे रबर, लाकूड किंवा कमानीचे पाटे. ‘किरकिर’ म्हटले की दोन पृष्ठभागांत सापडलेला बारीक खडा. ‘घरघर’ म्हटले की अखंड फिरणारी आणि झिजलेली वस्तू. ‘चिवचिव’ म्हटले की कोरडा पडलेला सांधा. आणि ‘टकटक’ म्हटले की फेऱ्याफेऱ्याला एकदाच लागणारी ठेच. एवढी संपत्ती घरात असता सुशिक्षित गृहस्थ गॅरेजात जाऊन ‘मागून काहीतरी नॉइज येतो’ एवढेच सांगतात, याचे आम्हांस नेहमी आश्चर्य वाटते. त्यांच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईंना विचारले असते तर त्यांनी आवाजाचे नाव अधिक नेमके सांगितले असते.

नाव कळल्यावर कारणाचा शोध. येथे आपल्या नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक उपयोगी पडतो: जे असता कार्य असते आणि जे नसता कार्य नसते, ते कारण. इंग्लंडात जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ च्या आपल्या तर्कग्रंथात अनुरूपतेची व भेदाची म्हणून ज्या पद्धती मांडल्या त्यांचाही गाभा हाच आहे. मोटारीच्या बाबतीत ही पद्धती फार स्वस्त पडते, कारण बहुतेक प्रयोगांना हत्यारसुद्धा लागत नाही. पहिले काम मात्र तर्काचे नसून सावधगिरीचे आहे. चाकाचे नट ढिले झाले असता मंद गतीत असाच ठोका येतो, आणि चाक निखळण्यापूर्वी मिळणारी ती बहुधा एकच सूचना असते. म्हणून नट आवळलेले आहेत हे पाहिल्याखेरीज पुढची चर्चा करू नये. त्यानंतर डिकी रिकामी करावी, कारण जॅक, पाने व सैल बसलेली स्टेपनी यांनी कित्येक विद्वानांना फसविले आहे. मग मोकळ्या जागी सावकाश जाताना हँडब्रेक किंचित ओढून पाहावा. आवाज बदलला तर संशय ब्रेककडे वळतो. डावीउजवीकडे लांब वळण घेताना घरघर वाढली वा घटली तर बेअरिंगकडे. मागे दोन माणसे बसवून आवाज बदलला तर बुश व पाट्यांकडे. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलताच बदलला तर इंजिनाची शक्ती चाकापर्यंत नेणाऱ्या भागांकडे. हे शेवटचे कलम सर्व गाड्यांना सारखे लागू नाही. आजच्या बहुतेक लहान मोटारींची पुढची चाके गाडी ओढतात आणि मागची नुसती मागून येतात. तेथे मागे शक्तीचा काही संबंधच नसतो. पण आमच्या नाशकातच घडलेल्या बोलेरो किंवा स्कॉर्पिओसारख्या वाहनांत लांब शाफ्ट शक्ती मागे नेतो, आणि त्याचे क्रॉस व डिफरन्शियल यांचा संशयितांत समावेश करावा लागतो. त्यांना निराळे काढण्याची एक युक्ती फार सुंदर आहे. अशा गाडीत चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे बहुधा चारच्या आसपास फेरे होतात. टायरवर खडूने एक रेघ ओढावी, गाडी हाताने ढकलावी आणि रेघ एकदा फिरून येईपर्यंत किती ठोके पडले ते मोजावे. एक पडला तर अपराधी चाकाबरोबर फिरणारा आहे. चार पडले तर शाफ्टबरोबर फिरणारा. खडूच्या एका तुकड्याने अर्धा संशय निवारण होतो. इंजिनाचे दोष संगणकाला जोडून वाचता येतात, परंतु तुटलेल्या बुशाजवळ वा सैल पत्र्याजवळ कोणी संवेदक बसविलेला नसतो. तेथे यंत्र मुके राहते आणि खडूच बोलतो.

इतके सोपे असता हे घडत का नाही? आता नीतीच्या प्रश्नाकडे येतो.

आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक गंगापूर रस्त्याच्या बाजूस राहतात. त्यांच्या गाडीच्या मागील उजव्या अंगाकडून अशीच टकटक येऊ लागली. एका गॅरेजात त्यांना सांगण्यात आले की ब्रेकचे लायनर गेले आहेत. ते बदलले, आवाज गेला. आठवड्याने परत आला. मग बेअरिंग गेले असे सांगण्यात आले. तेही बदलले, आवाज गेला, दहा दिवसांनी परत आला. दोन्ही वेळा मिळून त्यांचे काही हजार रुपये खर्च झाले, आणि दोन्ही वेळा त्यांनी ते विनातक्रार दिले, कारण जुन्या वस्तू कागदात गुंडाळून त्यांच्या हाती ठेवण्यात आल्या होत्या आणि त्या झिजलेल्या दिसत होत्या. तिसऱ्या वेळी कोणाच्या सांगण्यावरून ते द्वारका चौकाच्या परिसरातील एका वृद्ध मिस्त्रीकडे गेले. त्याने गाडी जॅकवर चढविलीच नाही. ‘सर, आवाज कधी येतो तेवढं सांगा. कशाचा आहे ते तुम्ही सांगू नका,’ असे तो म्हणाला. मग मागच्या आसनावर बसून तो एक चक्कर मारून आला, खाली उतरून त्याने टायरवर खडूची रेघ मारली, आणि पोराकडून गाडी ढकलवली. एका फेऱ्याला एक ठोका. तो वाकला, चाकावरची प्लॅस्टिकची व्हील कॅप हाताने उपटून काढली आणि डिकीत टाकली. आवाज बंद. पुन्हा बसविली, आवाज सुरू. कॅपचा एक काटा तुटलेला होता, आणि चाक दबून उठताना ती दर फेऱ्याला एकदा रिमवर आपटत होती.

आता मागील दोन दुरुस्त्यांनी आवाज का गेला होता, हे पाहण्यासारखे आहे. लायनरसाठी असो की बेअरिंगसाठी, चाक काढावयाचे तर आधी कॅप काढावी लागते, आणि काम झाल्यावर ती हाताच्या ठोशांनी घट्ट बसवितात. त्या ठोशांनी आठ दिवस शांतता मिळत होती आणि श्रेय लायनरला व बेअरिंगला जात होते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडावी, त्यातला हा प्रकार; शास्त्रकार याला काकतालीय न्याय म्हणतात. यातील खरी आपत्ती पैशाची नाही. पहिला कारागीर कदाचित लबाड नसेलही. त्याने लायनर बदलला, आवाज गेला, गिऱ्हाईक आठ दिवस आले नाही. एवढ्यावरून ‘अशा आवाजाला लायनर हेच कारण’ असा त्याचा सिद्धान्त झाला असेल आणि तो त्याने आपल्या हाताखालच्या पोरालाही शिकविला असेल. खोटे बोलणारा मनुष्य निदान सत्य काय ते जाणत असतो. अंदाज करून यश मिळविणाऱ्याचे ते भाग्यही नाही. त्याच्या यशानेच त्याचे अज्ञान पक्के होत जाते.

मग अंदाजाने काहीच करू नये काय? असे आम्हांस म्हणावयाचे नाही. आयुर्वेदात रोग ओळखण्याची जी पाच साधने सांगितली आहेत त्यांत उपशय हे एक आहे. रोगाची लक्षणे गूढ असतील तेव्हा विशिष्ट औषध, अन्न वा विहार देऊन पाहावा आणि त्याने बरे वाटते की त्रास वाढतो यावरून रोगाची परीक्षा करावी, असे चरकसंहितेत सांगितले आहे. म्हणजे ‘करून पाहणे’ हे शास्त्राला मंजूर आहे. परंतु उपशय आणि अंदाज यांत भेद आहे, आणि तो आमच्या मते बुद्धीचा जितका आहे तितकाच नीतीचाही आहे. उपशय करणारा रोग्याला आणि स्वतःला सांगतो की, ही परीक्षा आहे. ती अयशस्वी झाली तरी तीतून काही कळावे अशी तो तिची योजना करतो, आणि ती होता होईल तो मोडता येणारी व स्वस्त असावी हे पाहतो. मागची दोन चाके डावीउजवी बदलून आवाज दुसऱ्या बाजूस जातो का हे पाहणे हा उपशय होय. त्याचे उत्तर काहीही येवो, टायर संशयातून सुटतो किंवा सापडतो. ‘बेअरिंग टाकून बघू’ असे उघड म्हणून, आणि न जमल्यास त्याचा भार कोणी सोसावा हे आधी ठरवून ते टाकणे, हेही क्षम्य आहे. पण तीच वस्तू ‘बेअरिंगच गेले आहे’ अशा निश्चयाच्या स्वरात बदलणे हा असत्याचा व्यवहार होय, मग पुढे बेअरिंगच सदोष निघो. तीर निशाणाला लागला म्हणून डोळे मिटून मारणाऱ्याला आपण धनुर्धर म्हणत नाही.

येथवर वाचून वाचक मिस्त्रीवर्गास दोष देण्यास सिद्ध झाले असतील. त्यांना आम्ही पुन्हा त्या वृद्ध मिस्त्रीकडे नेऊ इच्छितो. आवाज सापडल्यावर शिक्षकमहाशयांनी ‘किती द्यायचे?’ असे विचारले. तो संकोचाने म्हणाला, ‘काय घेऊ सर? काही बदललंच नाही.’ त्यांनी खिशातून शंभराची नोट काढून दिली, आणि ही हकीकत सांगताना ते ‘बिचाऱ्याला शंभर रुपये दिले’ असे म्हणाले. ज्यांनी काही शोधले नाही त्यांना हजार, ज्याने शोधून दिले त्याला शंभर, आणि तेही दानाच्या भावनेने! शिक्षकमहाशय सज्जन आहेत. हा हिशेब त्यांनी एकट्याने केलेला नाही, आपण सर्वच तो करीत असतो. लोखंडाच्या तुकड्याचे पैसे आपण निमूटपणे देतो, कारण तो हातात धरता येतो. हात चालविल्याची मजुरी आपण थोडी घासाघीस करून देतो. ऐकल्याचे, विचार केल्याचे, अकरा शक्यता बाद केल्याचे पैसे मागितले तर ‘अहो, तुम्ही तर नुसतं बघितलंत!’ असे म्हणतो. मोठ्या वर्कशॉपांतील दरपत्रकेही बहुधा याच न्यायाने रचलेली असतात: अमुक भाग बदलण्यास इतके रुपये, परंतु अर्धा तास शांतपणे गाडीत बसून ऐकण्यास किती, ही ओळ त्यांत शोधावी लागते. ज्या व्यवहारात शोधणारा उपाशी राहतो आणि बदलणारा पोट भरतो, त्या व्यवहारात शोधण्याची विद्या टिकेल कशी? ज्या शहरातील कारखान्यांत मायक्रॉनच्या मापाने डिझेलची नोझल घडली आणि शेजारच्या ओझरला लढाऊ विमाने बांधली गेली, तेथे निष्णात कानांची वाण असण्याचे कारण नाही. ते कान आहेत. त्यांना बाजारात किंमत नाही.

आपल्या पूर्वजांना ही किंमत कळत होती, असे म्हणावयास एक आधार आहे. माधवकराचा ‘रुग्विनिश्चय’, ज्याला आपण माधवनिदान म्हणतो, हा संबंध ग्रंथ केवळ रोग ओळखण्याविषयी आहे. त्यात औषधे सांगितलेली नाहीत. चिकित्सेवाचून निदानाला स्वतंत्र ग्रंथाची योग्यता देणारी ती परंपरा शतकानुशतके वैद्यांच्या पाठांतरात राहिली. आज डॉक्टरांकडे आपण तपासणीची फी देतो, आणि ‘काही झालेले नाही’ असे ऐकून आनंदाने घरी येतो. तीच गोष्ट मिस्त्रीने सांगितली तर पैसे फुकट गेले असे आपणांस वाटते.

मालकाकडे दुसरेही एक कर्तव्य येते, आणि ते पैशापेक्षा कठीण आहे. तो या शोधातील साक्षीदार आहे. त्याचे वाक्य हेच मिस्त्रीचे शब्दप्रमाण. साक्षीदाराने पाहिले तेवढे सांगावे, निकाल देऊ नये. ‘सकाळी पहिल्या दोन किलोमीटरांत येतो, पाऊस पडून गेल्यावर अधिक, उताराला ब्रेक दाबला की थांबतो’ ही साक्ष झाली. ‘शॉकअब्सॉर्बर गेला आहे, बदलून टाका’ हा निकाल झाला. आणि असा निकाल घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाशी वाद घालण्यापेक्षा त्याने सांगितलेली वस्तू बदलून पैसे घेणे कोणाही व्यवहारी माणसाला सोपे. पुष्कळदा फसविणारा शोधण्यापूर्वी आपणच त्याच्या हाती दोरी दिली होती का, हे पाहणे बरे.

या सर्व विवेचनावर एक आक्षेप बळकट आहे आणि तो टाळणे योग्य होणार नाही. दिंडोरी-निफाडकडचा द्राक्षबागाईतदार ऐन हंगामात माल भरलेली पिकअप घेऊन उभा असतो. त्याला अन्वय-व्यतिरेक ऐकविणे ही क्रूरता होय. गाडी एक दिवस उभी राहिली तर त्याचे जे नुकसान होते त्यापुढे चार अनावश्यक वस्तूंची किंमत काहीच नाही. ‘जे जे संशयित ते सगळे बदला आणि मला सोडा,’ असे तो म्हणेल, आणि ते शहाणपणाचेच ठरेल. हे आम्ही मान्य करतो. परंतु तेथेही निर्णय त्याचा असतो, अज्ञानाची किंमत तो डोळे उघडे ठेवून मोजतो. कोणी त्याला निश्चयाचे नाव देऊन अंदाज विकीत नाही. तसेच जेथे जिवाचा प्रश्न आहे तेथे ज्ञानाची वाट पाहत बसणे हाच अपराध. नट, ब्रेक आणि चाक यांविषयी शंका असेल तर कारण कळो न कळो, गाडी थांबविली पाहिजे. अडचण उरते ती या दोहोंच्या मधल्या प्रदेशात: घाई नाही, धोका दिसत नाही, पुष्कळ शोधूनही कारण सापडलेले नाही, आणि आवाज येतच आहे. तेथे कारागिराने काय करावे?

याचे एक उदाहरण अलीकडेच आमच्या ऐकण्यात आले. येथील एका डॉक्टरांच्या गाडीच्या मागून सावकाश चालीत क्वचित एखादा ठोका येई. मिस्त्रीने दोन तास घालविले. सगळ्या परीक्षा केल्या. ठोका दोनदा आला, पण कशाच्याही बरोबर आला नाही. संध्याकाळी त्याने बिल केले. त्यावर लिहिले होते: ‘मागील नट, ब्रेक, बेअरिंग, टायर, बुश तपासले, ठीक. आवाजाचे कारण सापडले नाही. तपासणी, दोन तास,’ आणि पुढे रक्कम. डॉक्टर चकित झाले. ‘अहो, सापडलं नाही म्हणता, आणि पैसे कसले?’ मिस्त्री म्हणाला, ‘साहेब, शोधल्याचे.’ डॉक्टर काही वेळ ते बिल हातात धरून उभे राहिले. रविवारी वृद्ध आईवडिलांना घेऊन त्यांना कसारा घाटातून मुंबईस जावयाचे होते. जावे की नाही, असे त्यांनी विचारले. ‘जे तपासलं त्यात दोष नाही. आवाज कशाचा ते मला माहीत नाही,’ मिस्त्री म्हणाला. ‘जायचं असेल तर घाटात सावकाश जा, मागची काच थोडी खाली ठेवा, आणि ठोका वाढला किंवा बदलला तर तिथंच थांबून मला फोन करा.’ डॉक्टरांनी पैसे दिले, आणि बिलाच्या पाठीवर मिस्त्रीचा नंबर लिहून घेतला.